खुर्च्यांच्या गावात

एका फर्निचर फॅक्टरीला आग लागली आणि मग जगातले दादा आर्किटेक्ट तिथे येऊन एकेक इमारत बांधून गेले. बाझेलपासून ट्रामच्या अंतरावर असलेल्या या कॅम्पसमध्ये आता पुण्यात जन्मलेल्या एका आजोबांचीही वास्तू उभी आहे...

तुमच्या बॉसच्या केबिनमधली खुर्ची डोळ्यांसमोर आणा. काळं लेदर, त्यावर आडव्या शिवणी, बाजूला चकचकीत अ‍ॅल्युमिनियम, खाली चाकं. आली? आता ऐका. ही खुर्ची मुळात घराबाहेर ठेवायला बनवली होती! अमेरिकेत इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. तिथल्या मिलर नावाच्या उद्योगपतीला अंगणात टिकेल असं फर्निचर हवं होतं, आणि त्यातून चार्ल्स आणि रे ईम्स या नवरा-बायकोने १९५८ साली तिचं डिझाइन केलं. आपल्याकडच्या ऑफिसांत असते ती बहुतेकदा तिच्या नकलेची नक्कल. पण पुढच्या वेळी अप्रेझलला साहेबांसमोर बसाल तेव्हा मनातल्या मनात म्हणा, साहेब बागेतल्या खुर्चीवर बसलेत. टेन्शन जरा कमी होतं. एका संपादकांच्या केबिनमध्ये ट्राय करून पाहिलंय!

हे असलं सगळं ज्ञान मला झालं ते जर्मनीतल्या वाइल आम राइन नावाच्या गावात. तिथे विट्रा या फर्निचर कंपनीचा कॅम्पस आहे. आर्किटेक्चरच्या पोरांसाठी ही पंढरी. मी काही आर्किटेक्ट नाही. माझं कारण फार साधं होतं. मान आणि कंबर. फ्रीलान्सिंग म्हणजे डायनिंग टेबल हेच ऑफिस, आणि डायनिंग टेबलची खुर्ची वीस मिनिटं जेवायला बनवलेली असते, दहा तास कॉपी खरडायला नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या नाहीत, म्हणाले, ‘‘आधी खुर्ची बदल.’’ म्हणून दुकानं पालथी घातली. चार हजारांपासून लाखापर्यंत सगळं काही होतं आणि प्रत्येक सेल्समनच्या तोंडी एकच शब्द, ‘अर्गोनॉमिक’. कुणासाठी अर्गोनॉमिक, हे मात्र कुणी सांगेना. माझी उंची पाच फूट एक इंच. प्रत्येक खुर्चीवर माझे पाय शाळेतल्या पोरासारखे लोंबकळत होते.

त्याच सुमारास बाझेलच्या दादाचा फोन आला. दादा म्हणजे मावसभाऊ. बाझेल हे औषध कंपन्यांचं शहर, रोश आणि नोव्हार्टिस दोन्ही इथल्याच, त्यामुळे मराठी डोकी बरीच. ‘‘ये की, किती वर्षं नुसती येते-येते म्हणतेस,’’ दादा म्हणाला. मी नकाशा उघडला आणि विट्रा त्याच्या घरापासून किती लांब ते बघितलं. अर्धा-पाऊण तास. बास, ठरलं. वहिनीला कारण कळल्यावर ती इतकी हसली की बस्स. ‘‘खुर्च्या बघायला तू दहा तास विमानाच्या खुर्चीवर बसून येणार?’’

गेले नोव्हेंबर २०२५मध्ये. पाऊस, थंडी, चार-साडेचारलाच अंधारायला लागलेलं. टुरिस्ट लोक या दिवसांत इकडे फिरकत नाहीत, आणि डिझाइन बघायला खरं तर हाच सीझन बेस्ट. उन्हात काय, सगळंच छान दिसतं.

बाझेलहून आठ नंबरची ट्राम धरायची आणि शेवटच्या स्टॉपला उतरायचं. ही ट्राम स्वित्झर्लंडमधून निघते आणि जर्मनीत जाऊन थांबते. निम्म्या प्रवाशांच्या हातात रिकाम्या पिशव्या, कारण स्विस किराण्याचे भाव परवडत नाहीत म्हणून बाझेलकर वाइलमध्ये येऊन सामान भरतात. वहिनीनेही दादाच्या हातात यादी कोंबली होतीच. पलीकडे ऱ्हाइन ओलांडली की फ्रान्स. म्हणजे सकाळी स्वित्झर्लंड, दुपारी जर्मनी, संध्याकाळी फ्रान्स हे सगळं इथे पीएमटीच्या पासवर फिरावं इतक्या सहज होतं. पासपोर्ट मात्र खिशात ठेवा, सीमेवर कधी कधी तपासतात.

वाइल हे दिसायला साधंच गाव. पण चौकाचौकांत अवाढव्य खुर्च्या उभ्या! प्रसिद्ध डिझायनर खुर्च्यांच्या मोठ्या प्रतिकृती गावाने रस्त्यांवर मांडून ठेवल्यात आणि ‘खुर्च्यांचं शहर’ असं बिरुदही लावून घेतलंय. आपल्याकडे चौकात पुतळे असतात, इथे खुर्च्या. दादा म्हणाला, ‘‘आपल्याकडेही सगळं खुर्चीसाठीच चालतं, फक्त ती चौकात ठेवत नाहीत.’’ स्टॉपपासून पंधरा मिनिटं चाललं की चेरीची झाडं लागतात, मागे द्राक्षमळ्यांची टेकडी, आणि मग तो प्रकार दिसतो. तो म्हणजे एकावर एक रचलेली घरं.

लहानपणी आपण काड्यापेटीची खोकी एकमेकांवर आडवीतिडवी रचायचो ना, तसंच. उतरत्या छपराची, लांबट, कोळशाच्या रंगाची बारा घरं. एक दुसऱ्यात घुसलंय, तिसरं हवेत लोंबकळतंय, काही ठिकाणी तर १५ मीटरपर्यंत. याचं नाव विट्राहाउस. बाझेलच्याच हर्झोग आणि द म्यूराँ या जोडगोळीने २०१०मध्ये बांधलेलं. बाहेरून बघताना वाटतं, आता कोसळणार. आत गेल्यावर मात्र घरात आल्यासारखं वाटतं, ही खरी गंमत. प्रत्येक ‘घरा’च्या टोकाला भिंतीच्या जागी पूर्ण काच. एका काचेतून द्राक्षमळा, दुसऱ्यातून रेल्वेलाइन आणि बाझेल.

बसून बघा, प्लीज!

विट्राहाउसला तिकीट नाही. लिफ्टने वर जायचं आणि बसत बसत खाली यायचं. हो, बसत बसत! ‘कृपया हात लावू नये’ वाचून मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला दहा मिनिटं लागतात. मी पहिल्या खुर्चीवर अगदी टोकाला टेकले, पाहुण्यांकडे टेकतात तशी. दादाने मात्र सरळ ईम्सची लाउंज चेअर पकडली. १९५६चं डिझाइन, वाकवलेलं प्लायवूड, त्यावर लेदरच्या गाद्या, पुढे पाय ठेवायला वेगळं स्टूल. बेसबॉल खेळाडूच्या वापरून मऊ झालेल्या ग्लोव्हसारखं वाटावं, असं म्हणे चार्ल्स ईम्सच्या मनात होतं. दादाला तीन मिनिटांत डुलकी लागली. उठल्यावर त्याने किमतीची चिठ्ठी बघितली आणि झोप कायमची उडाली. आपल्याकडचे काही लाख! ‘‘एवढ्यात गावाकडे बाथरूमसकट एक खोली होते गं.’’

आता इथे थोडं थांबते, कारण माझ्या कंबरेचा प्रश्न इथेच सुटायला सुरुवात झाली. मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या एका ईम्स खुर्चीवर बसले होते, पाय जमिनीपासून दोन बोटं वर. तिथल्या एक बाई आल्या, वाकून माझ्या टाचांकडे बघितलं, आणि मी ज्यासाठी इतक्या लांब आले होते ते पाच मिनिटांत सांगून गेल्या. गोष्ट अशी, की पन्नासच्या दशकात या खुर्च्या निघाल्या तेव्हाच्या मानाने आजची माणसं सरासरी जवळजवळ दहा सेंटीमीटर उंच झाली आहेत. मोठे झालेले गुडघे टेबलाखाली अवघडायला लागले. म्हणून कंपनीने खुर्च्यांची बैठक थोडी वर घेतली. मूळ डिझाइन खालच्या उंचीचं. म्हणजे १९५०ची जुनी खुर्ची माझ्या मापाची होती, आणि जग मला मागे टाकून उंच झालं!

दादा सहा फुटी. त्याला नवी उंची एकदम फिट. एकाच घरात वाढलेली आम्ही मावस भावंडं, पण खुर्चीच्या दृष्टीने दोन वेगळे देश. अर्गोनॉमिक म्हणजे कुणासाठी, या माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच की ज्याचं माप घेतलं त्याच्यासाठी.

आणि मापावरून आठवलं, याच ईम्स जोडप्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९५८ साली भारत सरकारने त्यांना बोलावलं होतं. ते देशभर फिरले आणि ‘इंडिया रिपोर्ट’ लिहून दिला. त्यात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? तांब्याचं! आपल्या पाण्याच्या साध्या तांब्याचं, म्हणजे लोट्याचं. हातात कसा बसतो, डोक्यावर-कमरेवर कसा पेलतो, कलला की पाणी कसं पडतं, असा सगळा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत होत तो आकार झालाय, असं त्यांचं म्हणणं. त्या रिपोर्टमधून पुढे १९६१मध्ये अहमदाबादची एनआयडी निघाली. आणि याच एनआयडीने १९९७मध्ये भारतीय माणसांच्या शरीराच्या मापांचं एक जाडजूड पुस्तक काढलं. देवकुमार चक्रवर्ती यांनी केलेलं. बसल्यावर गुडघा किती उंचीवर येतो, हात किती लांब पोचतो, सगळं बायका-पुरुषांचं वेगवेगळं. माप घेणारी माणसं आपल्याकडे आहेत. आपण दुकानात ते माप मागत नाही.

त्याच मजल्यावर अजून एक खुर्ची भेटली, तिच्यावर माझं प्रेमच बसलं. टिप टन. २०११ची, बार्बर आणि ऑझगर्बी या इंग्लिश जोडीची. दिसायला कॅन्टीनच्या प्लॅस्टिक खुर्चीसारखी. पण पायांखालच्या पट्ट्या पुढच्या बाजूला किंचित वर उचललेल्या. त्यामुळे तुम्ही टेबलाकडे वाकलात की खुर्चीही तुमच्याबरोबर नऊ अंश पुढे झुकते आणि तिथेच थांबते. मागे रेललात की परत मागे. ना स्प्रिंग, ना स्क्रू, ना लिव्हर. अख्खी खुर्ची एका साच्यातून निघालेल्या एकाच तुकड्याची. इंग्लंडमधल्या टिप्टन गावातल्या एका शाळेच्या निमित्ताने ही कल्पना निघाली. शाळेत खुर्चीवर पुढे-मागे झुलल्याबद्दल आपण किती धपाटे खाल्ले असतील! इथे त्या झुलण्याचीच खुर्ची केली. झुकलं की कंबर सरळ होते, पोट दुमडत नाही. मी वीस मिनिटं नुसती टिप-टन, टिप-टन करत बसले. शेवटी दादानेच उठवलं.

खालच्या मजल्यावर दिव्यांचा विभाग लागतो. छताला कागदी कंदील लटकलेले, गोल, चपटे, वेलदोड्यासारखे, भोपळ्यासारखे. दिवाळी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी पटकन बोलून गेले, ‘‘अय्या, आकाशकंदील!’’ हे ‘अकारी’. इसामू नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराने १९५१मध्ये जपानच्या गिफू शहरातले पारंपरिक कंदील बघितले आणि तिथल्याच कारागिरांकडून विजेच्या दिव्यासाठी नवे आकार बनवून घ्यायला सुरुवात केली. कागदी तुतीच्या सालीपासून केलेला हातकागद, आत बांबूच्या बारीक कामट्या, आणि घडी घातली की सगळं चपट्या खोक्यात बसतं. पुढे शंभराहून जास्त प्रकार झाले. आजही ते गिफूमध्ये हाताने बनतात. कामट्या, कागद, खळ... आपल्या गल्लीतली पोरं दिवाळीच्या आधी रात्र-रात्र जागून हेच करतात की! फरक एवढाच, की आपला कंदील तुळशीच्या लग्नानंतर माळ्यावर जातो आणि नोगुचीने तो वर्षभर दिवाणखान्यात लावला. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात बसून डोळे चोळणाऱ्या लोकांनी एकदा या कागदातून गाळून आलेला उजेड बघावा. सावल्यांना कडाच नसतात.

आग, विमा आणि वाकड्या भिंती

दुपारी मार्गदर्शकाबरोबरची टूर घेतली. फॅक्टरीच्या बाजूच्या इमारती बघायच्या तर टूर घ्यावीच लागते, आधी बुक करा.

सगळ्याची सुरुवात आगीने झाली. १९८१मध्ये वीज पडली आणि कारखान्याचा मोठा भाग जळाला. उत्पादन बंद राहिल्याची भरपाई विम्यातून मिळणार होती फक्त सहा महिन्यांची. त्यामुळे निकोलस ग्रिमशॉ या इंग्लिश आर्किटेक्टने सहा महिन्यांत नवी फॅक्टरी उभी केली. अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळी पत्र्याची, चकचकीत. पुढचं सगळं त्याच्याच धर्तीवर करायचं असा आधी बेत होता. पण कंपनीचे प्रमुख रोल्फ फेलबाउम यांची फ्रँक गेरीशी गाठ पडली आणि बेत बदलला. एकाच छापाचा कारखाना करण्यापेक्षा दर वेळी वेगळा माणूस बोलवायचा असं ठरलं. गेरीने १९८९मध्ये इथे डिझाइन म्युझियम बांधलं. पांढरी, पिळवटलेली, जिने बाहेर आलेली ही त्याची युरोपातली पहिली इमारत. जपानच्या तादाओ आंदोची शांत काँक्रीटची बैठी वास्तू १९९३ची. तिच्याकडे जायची वाट इतकी अरुंद, की एकामागून एकच चालावं लागतं आणि बडबड आपोआप बंद होते. आजूबाजूची चेरीची झाडं कमीत कमी तोडून ती बसवलीय.

सगळ्यात जास्त कॅमेरे मात्र झाहा हदीदच्या फायर स्टेशनकडे वळतात. आगीनंतर कंपनीने स्वतःचं अग्निशमन दल ठेवायचं ठरवलं, त्यासाठी १९९३मध्ये बांधलेली ही इमारत. झाहाची चित्रं तोवर जगभर गाजलेली, पण ‘ही कागदावरची आर्किटेक्ट, हिचं काही उभं राहायचं नाही’ असं लोक म्हणायचे. इथे तिची पहिली इमारत उभी राहिली. सुरीच्या पात्यासारखी टोकं, तिरक्या भिंती, काटकोन शोधून सापडत नाही. आत उभं राहिल्यावर चालत्या लोकलच्या दारात उभं असल्यासारखं वाटतं. दादाने एका भिंतीला टेकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘हे आपल्या बिल्डरने केलं असतं तर सोसायटीने केस टाकली असती.’’

आता तिथे आगीचे बंब नाहीत. पुढे ती जबाबदारी बाहेरच्या दलाकडे गेली आणि या इमारतीत प्रदर्शनं, कार्यक्रम व्हायला लागले. मला विचाराल तर, बघून अंगावर काटा आला. पण पाच मिनिटांनी बाहेर पडावंसं वाटलं, हेही खरं. रात्रपाळीला तिथे गणवेश चढवणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

त्यापेक्षा मी खूश झाले ती शेजारच्या छपरावर. १९९४मध्ये पोर्तुगालच्या आल्व्हारो सिझाने इथे विटांची एक फॅक्टरी बांधली. इतकी साधी, की लोक तिच्याकडे पाठ करून झाहाचे फोटो काढतात. दोन फॅक्टऱ्यांमध्ये कामगारांना ये-जा करायला छप्पर हवं होतं. पण छप्पर घातलं तर मागचं फायर स्टेशन झाकलं जाणार. मग सिझाने काय केलं? पुलासारखं कमानदार छप्पर खूप उंचावर टांगलं. कोरड्या दिवशी ते वरच राहतं, मागचं दृश्य मोकळं. पाऊस आला की ते आपोआप खाली येतं! त्या दिवशी पाऊस होता, त्यामुळे छप्पर खाली आलेलं होतं आणि एक कामगार ट्रॉली ढकलत त्याच्याखालून कोरडा गेला. शेजारणीचा फोटो चांगला यावा म्हणून स्वतः बाजूला सरकणारी माणसं असतात ना, तसं ते छप्पर. टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं, पण जर्मन ग्रुप गंभीर होता.

टूर संपल्यावर शाउडेपोमध्ये गेलो. म्हणजे खुर्च्यांचं गोदाम, पण दाखवायचं. हेही हर्झोग आणि द म्यूराँचं, २०१६चं. बाहेरून बिनखिडक्यांचं विटांचं घर, विटाही हाताने फोडून तुटलेली बाजू बाहेर ठेवून लावलेल्या. भिंत खडबडीत, हात फिरवावासा वाटतो. म्युझियमच्या संग्रहात सात हजारांच्या आसपास फर्निचर आणि हजारावर दिवे आहेत. त्यातल्या चारशेहून जास्त वस्तू इथे मांडण्यांवर ओळीने उभ्या. इथे मात्र बसायचं नाही!

एका फळीवर लाल पँटन चेअर होती. डेन्मार्कच्या व्हर्नर पँटनची, १९६७ची. पाय नसलेली, जिभेसारखी वळलेली, अख्खी प्लॅस्टिकची एकसंध खुर्ची. ती करायला वर्षानुवर्षं झटापट झाली, आणि आजही ती पंचवीस-तीस हजारांच्या खाली मिळत नाही. पण ‘एका साच्यातून एक खुर्ची’ ही कल्पना एकदा जमल्यावर ती कुणाची राहते? आपल्या मंगल कार्यालयात, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या वॉचमनच्या बुडाखाली असते ती हातांची पांढरी प्लॅस्टिक खुर्ची याच घराण्यातली. तिला ‘मोनोब्लॉक’ म्हणतात. १९७२मध्ये फ्रान्सच्या ऑन्री मासोने हिने... चुकलं, माणूस बाईमाणूस नाही, ऑन्री मासोने या गृहस्थांनी ती दोन मिनिटांच्या आत साच्यातून निघेल अशी केली. आणि २०१७मध्ये याच शाउडेपोमध्ये या मोनोब्लॉकवर अख्खं प्रदर्शन भरलं होतं. दादाला हे सांगितल्यावर त्याचा विश्वासच बसेना. ‘‘आपल्या मुंजीतल्या खुर्च्या? म्युझियममध्ये?’’ मग जरा वेळाने म्हणाला, ‘‘पण आजोबा शेवटची दोन वर्षं त्याच खुर्चीवर अंघोळ करायचे. हलकी, ओली झाली तरी चालायची, आणि तिला हात होते म्हणून त्यांना स्वतःचं स्वतः उठता यायचं.’’ त्यानंतर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

दोन छोटी घरं

कॅम्पसवर दोन घरं जवळपास एकाच जातीची आहेत, पण बघताना मन दोन दिशांना जातं. एक रेन्झो पियानोचं ‘डायोजीन’, २०१३चं. जेमतेम अडीच बाय तीन मीटरचं, स्वतःची वीज, स्वतःचं पाणी, एकट्या माणसाने मुद्दाम सगळ्यातून बाजूला होऊन राहायचं. सुंदर आहे, वाद नाही. पण मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून राहिलेल्या मुलीला अडीच बाय तीनचं कौतुक सांगू नये! दुसरं बांगलादेशच्या मरिना तबस्सुमचं ‘खुदी बारी’, म्हणजे छोटंसं घर. बांबू आणि लोखंडी सांधे. नदीने जमीन खाल्ली की घर सोडवायचं, उचलायचं आणि दुसरीकडे उभं करायचं. पाणी चढलं तर माणसांनी वरच्या मजल्यावर जायचं. चरांवर राहणाऱ्या लोकांना आपलं आपण बांधता यावं म्हणून केलेलं हे घर २०२४मध्ये इथे आलं. युरोपातल्या हिरवळीवर ते जरा पाहुण्यासारखं उभं आहे. तरी मला त्या सांध्यांपाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं. तिथे प्रत्येक तुकडा असण्याला कारण आहे.

आणि मग दोशी. बाळकृष्ण दोशी. आयआयएम बंगळुरूवाले, इंदूरच्या अरण्य वसाहतीवाले, २०१८मध्ये प्रिट्झकर मिळवणारे पहिले भारतीय. अहमदाबादचे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण जन्म १९२७चा, पुण्यातला. घरात दोन पिढ्यांचा धंदा कसला, तर फर्निचरचा! लाकडाच्या भुशात खेळलेला हा मुलगा पुढे मुंबईच्या जेजेत शिकला, पॅरिसला ल कॉर्ब्युझिएकडे गेला. २०१९मध्ये विट्राच्या म्युझियममध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. फेलबाउम यांनी मोढेऱ्याचं सूर्यमंदिर बघितलं होतं आणि तिथे वाटलं तसं शांत बसायला काहीतरी इथे हवं, असं त्यांनी दोशींना सुचवलं. जानेवारी २०२३मध्ये, ९५व्या वर्षी दोशी गेले. नात खुश्नू आणि तिचा नवरा सोन्के हूफ यांनी काम पूर्ण केलं. ऑक्टोबर २०२५मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आयुष्यभर भारतात बांधलेल्या माणसाची ही परदेशातली पहिली वास्तू, आणि शेवटचीही.

एकमेकांत गुंतलेले दोन नाग दोशींच्या स्वप्नात आले होते म्हणे. त्यावरून या वाटा. गंजल्या रंगाच्या पोलादी भिंतींमधून वळणं घेत घेत आपण हळूहळू जमिनीत उतरतो. पुढचं वळण दिसत नाही, त्यामुळे घाई करता येत नाही. कुठूनतरी घंटेचा आणि बासरीचा आवाज येत राहतो. कुठून ते कळत नाही. शेवटी एक गोल खोली. मधोमध घंटा, कडेने दगडी बाकं, वर हाताने ठोकून केलेलं पितळी मंडल, आणि त्यातून ओघळणारा उजेड.

मी पुण्यातून विमान, ट्रेन, ट्राम करत इथे पोचले आणि बसले कुठे, तर पुण्यातल्या फर्निचरवाल्यांच्या मुलाने केलेल्या बाकावर. दादा शेजारी येऊन बसला. दिवसभर त्याने प्रत्येक गोष्टीची किंमत विचारली होती. इथे नाही विचारली. एक म्हातारं जर्मन जोडपं आलं, आजींनी घंटा अगदी हलकेच वाजवली, आवाज खोलीभर फिरून पायांखालून गेल्यासारखा वाटला. मग सगळेच डोळे मिटून.

खुर्चीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. घेतली नाही. टिप टनचा मोह खूप झाला, पण बॅगेत ती बसत नाही आणि तिची उंचीही दादाच्या बाजूची. पुण्यात परतल्यावर मेजरिंग टेप घेऊन दुकानात गेले. बसून गुडघ्याच्या मागची उंची मोजली, ३९ सेंटीमीटर. सेल्समनला म्हटलं, बैठक एवढी खाली येते अशी दाखवा. अर्ध्या तासात दुकानातल्या बावीस खुर्च्यांमधल्या दोन उरल्या. त्यातली एक साडेसहा हजारांची घेतली. ती येईपर्यंत आठ दिवस पायांखाली आजीचा पाट होता. आई ओरडली, ‘‘पाटावर पाय?’’ पण कंबर सुखावली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जायचं असेल तर अख्खा दिवस काढा. पायात चांगले बूट हवेत. बाझेलजवळच्या रीहेन गावातून पायीही येता येतं. सुमारे पाच किलोमीटरची वाट आहे, टोबियास रेहबर्गरने २०१६मध्ये तिच्यावर रंगीबेरंगी २४ थांबे मांडलेत. पीट औडोल्फची बाग उन्हाळ्यात फुलते, पण नोव्हेंबरात वाळलेली तपकिरी झुडपंही बघण्यासारखी दिसतात. औडोल्फ झाडांच्या वाळण्याचाही विचार करूनच ती लावतो. तीस मीटर उंच टॉवरवर कार्स्टन होलरची घसरगुंडी आहे. लाज सोडा आणि बसा. दादा बसला. त्याचं ओरडणं फ्रान्सपर्यंत गेलं असेल.

अंधार पडल्यावर आम्ही चार्ल्स ईम्स स्ट्रासवरच्या बसस्टॉपवर आलो. हा स्टॉपही डिझायनर, जॅस्पर मॉरिसनचा, २००६चा. आत बसायला काय, तर ईम्सच्या तारेच्या खुर्च्या. आत दोन शाळकरी पोरं त्यावर दप्तर टाकून चिप्स खात होती. त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं की या खुर्च्यांपायी माणसं विमानाने येतात. मी त्यांच्या शेजारी बसले. तारेची जाळी गार लागली. पाय थोडे लोंबकळत होते. दादाने वहिनीची यादी काढली, तेल राहिलं होतं.

‘‘बस सोडायची का मग?’’ मी विचारलं.

‘‘पुढची वीस मिनिटांनी आहे,’’ दादा म्हणाला, ‘‘बस ना, खुर्ची चांगली आहे.’’